अनुभव धागा: दुकानाच्या नावापुढचा ‘एस’

आपण ‘मावशीकडे चाललोय’ म्हणतो, ‘घर’ शब्द लागतच नाही. इंग्रजीत हेच काम अपॉस्ट्रॉफी-एस करतो: ‘माय आंट्स’, ‘द बुचर्स’, ‘द डेंटिस्ट्स’. पुढचं घर, दुकान, दवाखाना समजून घ्यायचा. मला हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. लंडनला आल्यावर शेजारच्या आजींच्या दारावर चिठ्ठी दिसली: ‘ॲट द केमिस्ट्स. बॅक बाय फोर.’ केमिस्टचं काय, ते कळेना. चारला आजी औषधांची कागदी पिशवी घेऊन जिना चढताना दिसल्या आणि उलगडा झाला. तुम्हाला हा ‘एस’ कुठे भेटला? लिहा नक्की.

—

मला टेस्कोत, म्हणजे इथल्या सुपरमार्केटमध्ये! पाटीवर नुसतं टेस्को, पण आमच्या ऑफिसात निम्मेजण ‘टेस्कोज’ म्हणतात. सेन्सबरी आणि मॉरिसन या दुसऱ्या सुपरमार्केटांची नावं निदान खऱ्या माणसांची आडनावं. टेस्को नावाचं कुणी नव्हतंच. जॅक कोहेन यांनी १९२४ मध्ये चहा विकायला ते नाव जुळवलं: चहाचे व्यापारी टी. ई. स्टॉकवेल यांची आद्याक्षरं, पुढे कोहेनमधलं ‘को’. तरी लोकांनी त्याला मालक देऊन टाकला. मला हे फार लोभस वाटतं.

—

डेट्रॉइटमध्ये सहकाऱ्याचे वडील सांगायचे, ‘आय वर्क्ड ॲट फोर्ड्स.’ मी समजत होतो, कारखाने बरेच म्हणून अनेकवचन. मग कळलं, हेन्री फोर्ड यांच्याकडे! आपण ‘अमक्यांकडे नोकरीला होतो’ म्हणतो, अगदी तसंच.

—

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनवर अर्ल्स कोर्ट स्टेशनच्या नावाला अपॉस्ट्रॉफी आहे, पुढच्याच बॅरन्स कोर्टला नाही. लेकीने दाखवलं, तोवर रोज जाऊनही लक्ष गेलं नव्हतं. वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांनीही २०१२ मध्ये तो काढून टाकला. उच्चार तोच राहिला.

—

मी सबटायटल्स करते. ‘शी इज ॲट हर सिस्टर्स’ नुसतं ऐकून मी लिहिलं, ‘ती बहिणींबरोबर आहे.’ पुढच्या दृश्यात एकच बहीण, तिच्याच स्वयंपाकघरात! ‘बहिणीकडे’ केलं, ओळही आखूड झाली. तेव्हापासून ‘कडे’ जपून वापरते, कारण त्याला माणूस लागतो. ‘वाण्याकडून आण’ चालतं, पण ‘टेस्कोकडे गेली’ लिहिलं तर ती अजून रस्त्यातच आहे. तिथे ‘टेस्कोत’च हवं.