पहिली रोडबाईक घेताय? नागपुरात २५ मिलिमीटरचा टायर आता नकोच

ऑरेंजसिटी_पेडल

दिवाळीच्या आसपास सायकलीच्या दुकानांत गर्दी सुरू होते आणि दरवर्षी चर्चा गिअरवर येऊन अडते: शिमानोचा क्लॅरिस गिअरसेट घेऊ की सोरा, मागे आठ गिअर की नऊ? नागपूरसारख्या सपाट शहरात या प्रश्नात फारसा दम नाही. सेमिनरी हिल्सचा चढ सोडला तर पुढे पॅडलजवळ ३४ दातांची छोटी चेनरिंग (दातेरी चक्र) आणि मागच्या चाकावर ११ ते २८ दातांच्या चक्रांची कॅसेट यापलीकडे काही लागत नाही, आणि ते क्लॅरिसमध्येही मिळतं. विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे: या फ्रेममध्ये ३२ मिलिमीटरचा टायर बसतो का? बसत नसेल तर ती सायकल नागपूरसाठी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

कारण आपले सिमेंट रस्ते. कारमध्ये बसून ते गुळगुळीत वाटतात. सायकलवर तीन गोष्टी कळतात. घसरू नये म्हणून पृष्ठभागावर आडव्या रेघा ओढलेल्या असतात, त्यांची बारीक थरथर तळहातात उतरते. दर साडेचार मीटरच्या आसपास आडवा सांधा येतो, तिथे चाक ठक्क करतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोन पट्ट्यांमधला उभा सांधा. त्यातला भरलेला मसाला निघाला की बोटभर फट राहते आणि ती नेमकी तुमच्या चाकाच्या दिशेने धावते. कडेला सिमेंट संपून गट्टू (पेव्हर ब्लॉक) सुरू होतात, तिथे उंचीतला फरक आहेच.

रायडर ७५ किलोचा आणि सायकल १० किलोची धरा. २५ च्या टायरला मागे ८५ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा लागते, २८ ला ७०, ३२ ला ५५ ते ५८. पुढच्या चाकात पाचेक कमी. सांध्यावर बसणारा धक्का ८५ आणि ५५ मध्ये किती बदलतो ते दोन तासांनी खांद्याला विचारा.

रुंद टायर म्हणजे वेग कमी, ही समजूत जुनी झाली. कडक टायर खरखरीत रस्त्यावर उडत राहतो. त्या उडण्यात जाणारी ताकद पॅडलमधूनच येते. टूर द फ्रान्सचे रायडरसुद्धा आता २८-३० वर गेलेत, आणि त्यांचे रस्ते आपल्यापेक्षा बरे आहेत.

क्रँक_१७२

रोगाचं निदान बरोबर, औषध महागडं. "३२ नसेल तर घेऊच नका" म्हटलं की कॅलिपर ब्रेकच्या (रिमला दोन बाजूंनी चिमटणारा ब्रेक) जवळजवळ सगळ्या जुन्या सायकली बाद होतात. नवशिक्याला कमी पैशात चांगली फ्रेम, हलकी चाकं आणि नीट चालणारे ब्रेक मिळतात ते तिथेच. त्यातल्या बऱ्याच फ्रेममध्ये २८ बसतो. शिवाय टायरवर २५ लिहिलेलं असलं तरी १९ मिलिमीटर आतल्या रुंदीच्या रिमवर तो २६-२७ भरतो. आकडा छापील असतो, व्हर्निअर कॅलिपर लावून मोजा.

खरं दुखणं हवेचं आहे. टायरच्या बाजूला ११५-१२० कमाल लिहिलेलं असतं आणि लोक तेवढी भरतात. ती मर्यादा आहे, शिफारस नव्हे. १२० वर कुठलाही टायर दगडासारखाच चालणार. गेज असलेला फ्लोअर पंप घ्या आणि दर राईडआधी हवा बघा, कारण बारीक टायरची ट्यूब आठवड्यात दहा-पंधरा पीएसआय सहज सोडते. हवा फार कमी झाली की सांध्यावर ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ती दिसली की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती हे समजा.

वापरलेली सायकल बघायला जाताना सोबत स्टीलची पट्टी न्या. साखळीच्या एका पिनवर शून्य ठेवा. बारा इंचांवर दुसरी पिन बरोबर यायला हवी. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर साखळी बदलायची. १/८ गेली असेल तर कॅसेटचाही खर्च धरा आणि तेवढी किंमत पाडून मागा. मग रिमच्या ब्रेक घासतो त्या पट्टीवर बोट फिरवा. मधे खोलगट लागली तर रिम संपली आहे, कितीही चकाकत असो. ती फुटते तेव्हा आधी सांगून फुटत नाही.

बर्डी_ते_बुटीबोरी

भाऊ, तुम्ही दोघंही रोडबाईकच धरून बसले. नवीन माणूस सीताबर्डी, सदर, इंदोऱ्यातूनच निघते ना? तिथं ऑटो अचानक थांबते, ई-रिक्षा उलट्या बाजूनं येऊन राहिली आहे, आणि तुम्ही त्याला रोडबाईकच्या खाली वळलेल्या हँडलवर, ड्रॉप बारवर, वाकून बसवता! सरळ हँडलच्या हायब्रिडवर मान वर राहते, ब्रेक बोटाखालीच असते, ३५-३८ चा टायर सोबतच येते. ज्या रुंदीसाठी हा धागा काढला ती हायब्रिडमध्ये फुकट मिळून राहिली आहे. सहा महिने तेच चालवा. आवड टिकली तर बघू पुढचं.

फक्त पुढं स्प्रिंगचा सस्पेन्शन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) असलेली घेऊ नका. स्वस्तातला फोर्क किलो-दीड किलो वजन वाढवते, चढावर उभं राहिलं की खालीवर डोलते आणि दोन पावसाळ्यांत गंजून जाम होते. साधा सरळ फोर्क घ्या. सांध्याचा मार टायर घेते.

ऑरेंजसिटी_पेडल

@बर्डी_ते_बुटीबोरी, फोर्कचं शंभर टक्के मान्य. पण "पुढचं पुढे बघू" यात पैसे दोनदा जातात. सरळ हँडलवर हात ठेवायची जागा एकच. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला सतत दाब पडतो, चाळीसेक किलोमीटरनंतर करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट बधिर होतं. हँडलच्या टोकांना बार-एंड (छोटी शिंगं) लावून थोडं भागतं, पूर्ण नाही. मग लोक त्याच सायकलला ड्रॉप बार लावायला निघतात. ते जमत नाही, कारण हायब्रिडची वरची नळी मुद्दाम लांब असते. ड्रॉप बारचे हुड (ब्रेक लीव्हरवरची हात ठेवायची जागा) आणखी पुढे जातात आणि माणूस पालथा पसरतो. वर गिअर बदलायचे शिफ्टर नवे, कधी साखळी सरकवणारा पुढचा डिरेलरही नवा. त्या पैशात दुसरी सायकल येते.

शहरातल्या ट्रॅफिकसाठी एन्ड्युरन्स जॉमेट्रीची रोडबाईक घ्या. हँडलखालची नळी, म्हणजे हेड ट्यूब, उंच असते, हुडवर हात ठेवून पाठ बऱ्यापैकी ताठ राहते, समोरचं सगळं दिसतं. फक्त घेण्याआधी हुडवरून ब्रेक ओढून बघा. हात लहान असेल तर लीव्हर जवळ आणायचा स्क्रू असतो, दुकानात तो कोणी हात लावून दाखवत नाही.

@क्रँक_१७२, जुन्या सायकलीबद्दलचं तुमचं गणित ठीक आहे, पण २८ तिथली शेवटची पायरी आहे. वजन नव्वद किलो असलेल्या माणसाला सिमेंटवर २८ मध्येही ८० च्या आसपास हवा ठेवावी लागते. त्याने काय करायचं?

पहाटेची_ताई

टायरवर एवढा खल चाललाय म्हणून विरोधी सूर लावते. ३२ चा टायर घेतला की लोकांना वाटतं आता कुठूनही जाता येतं. उभ्या सांध्यात रुंदी वाचवत नाही, कोन वाचवतो. फट तिरपी, चाटत ओलांडायला गेलात की पुढचं चाक तिच्या बाजूने घसरतं. ४५ अंशांपेक्षा जास्त कोनात ओलांडायची, आणि त्यासाठी आधी उजव्या खांद्यावरून मागे बघायचं, हात दाखवायचा, मगच सरकायचं. हे जमेपर्यंत पट्टीच्या मधोमध राहा, गट्टूंच्या कडेपासून निदान मीटरभर आत. कडेला चिकटून चाललं की गाड्या अंगावरून घासून जातात, शिवाय ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा सगळ्या तिथेच साचतात. त्या काढायला चिमटा लागतो, नखाने निघत नाहीत.

सायकलच्या मागच्या लाल दिव्याबद्दल एकच गोष्ट: सीटखाली बॅग लावली की तो अर्धा झाकला जातो. सायकल उभी करून दहा पावलं मागे जा, कारच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून बघा. दिसत नसेल तर सीट स्टेवर (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणारी नळी) बसवा. दिवसाही चालू ठेवा.

आणि रस्ता निवडा. वाडीच्या बाजूला अमरावती रोडवर गोदामांचे ट्रक असतात, तिथे पहाटेचा अंधार धोक्याचा. वर्धा रोडने जामठ्यापर्यंत जाऊन परत फिरणं नवशिक्याला पुरे. बुटीबोरीकडे औद्योगिक वसाहतीची वाहतूक वाढते. समृद्धीवर जायचं का, असं अजूनही विचारलं जातं. तिथे दुचाकीलाही बंदी आहे, सायकलचा प्रश्नच नाही.

सराटा_स्पेशालिस्ट

३२ घेणार असाल तर ट्यूबलेसच (आत ट्यूब नाही, भोकं बुजवणारं द्रव सीलंट) करा, नाहीतर निम्मा फायदा वाया. काटोल रोडला रस्ता सोडून मातीवर थांबलात की सराट्याचे काटे चिकटलेच, शेताच्या कुंपणाची बाभूळ छाटली की काटे रस्त्यावर. असली बारीक भोकं सीलंट जागच्या जागी बुजवतं. ३२ ला एका चाकात ४० मिली पुरतं.

क्रँक_१७२

नागपूरच्या मे महिन्यात? लॅटेक्सचं सीलंट उष्णतेने वाळतं. जे थंड जागी चार महिने टिकतं ते इथे दीड-दोन महिन्यांत रबराच्या गोळ्या होऊन बसतं, व्हॉल्व्हही चिकटतो. दर महिन्याला व्हॉल्व्हचा कोअर (आतला निघणारा भाग) काढून काडी बुडवून बघणार असाल तरच त्या वाटेला जा. नवशिक्याला ट्यूब बरी: दोन सुट्या ट्यूब, टायर उचकटायचे दोन टायर लीव्हर, एक छोटा पंप. आणि पेट्रोल पंपावरच्या हवेसाठी पितळी अडॅप्टर, कारण रोडबाईकचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह तिथल्या नळीत बसत नाही. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटांनी चाचपायचा. काटा आतच राहिला तर दुसरी ट्यूबही लगेच जाते.

सराटा_स्पेशालिस्ट

महिन्याला दोन मिनिटांचं काम आहे हो ते. काडी कोरडी आली तर २० मिली भरायचं, संपलं. उन्हात बसून ट्यूब बदलायला पंधरा मिनिटं लागतात त्याचं काय?

ऑरेंजसिटी_पेडल

उन्हाचा विषय निघालाच तर हवेचंही बघा. सकाळी २० अंशांना ७० पीएसआय भरलेला टायर ४५ अंशांना साधारण ७७ दाखवतो. म्हणजे मे महिन्यात भर दुपारी गाडीच्या छतावर सायकल नेताना आधी थोडी हवा काढा. त्या महिन्यात साडेपाचला उजाडतं, आठच्या आत घरी. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, त्यात ओआरएस. पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्येच. अर्ध्या बाटलीत दाट करून प्यायलं तर उलट पोट बिघडतं.

आणि ट्यूब की ट्यूबलेस हा वाद तुम्ही घालू शकता कारण ३२ ला दोन्ही जमतं. दुकानात गेलात की ४ मिलिमीटरची अ‍ॅलन की सोबत ठेवा. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये चेन स्टेजवळ (पॅडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी), फोर्कच्या मुकुटाखाली आणि दोन्ही बाजूंनी ती फिरवून बघा. अडकली तर आहे त्या टायरलाच जागा नाही, पुढचा मोठा टायर विसरा. चिखलात माती त्याच फटीत भरते आणि रंग खरवडते. सोबतचा टायर २८ चा असून टायरच्या दोन्ही बाजूंना की घालूनही आणखी दोन-दोन मिलिमीटर उरत असेल, तर बाजूंनी ३२ ला जागा आहे.

बर्डी_ते_बुटीबोरी

हायब्रिडमध्ये की काय, बोट जाते भाऊ!