विषय: अमेरिकन कॉलेजमधल्या खेळाडूंचा मोबदला आणि सहीआधी वाचायचे कागद

प्रेषक: सुहास

नमस्कार मंडळी,

जून 2025 मध्ये अमेरिकेतल्या हाउस खटल्याची (कॉलेज खेळाडूंनी मोबदल्यासाठी एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेविरुद्ध लढलेला खटला) तडजोड मंजूर झाली, तेव्हापासून ‘आता कॉलेजं खेळाडूंना पगार देतात’ असं सरसकट बोललं जातंय. बारावीतल्या मुलांचे पालक त्या भरवशावर कॉलेज ठरवताहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी 6 जून 2025 ला तडजोडीला अंतिम मंजुरी दिली आणि 1 जुलैपासून सहभागी विद्यापीठांना स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा विद्यापीठामागे साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर होती. मर्यादा म्हणजे कमाल रक्कम, द्यायलाच हवी अशी रक्कम नाही. आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारख्या आठ विद्यापीठांचा गट) यात सामील झालेली नाही. डिव्हिजन तीनमध्ये (कॉलेज खेळाच्या तीन स्तरांतला शेवटचा) तर खेळाची शिष्यवृत्तीसुद्धा नसते.

वाटप कसं होतं तेही पाहा. मागच्या वर्षांच्या भरपाईचे सुमारे 2.8 अब्ज डॉलर 10 वर्षांत द्यायचे आहेत. बड्या कॉन्फरन्समधल्या (आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांतल्या) खेळाडूंसाठी त्याचं ढोबळ सूत्र अमेरिकन फुटबॉलला 75 टक्के, पुरुष बास्केटबॉलला 15, महिला बास्केटबॉलला 5 आणि उरलेल्या सगळ्या खेळांना मिळून 5 असं आहे. बऱ्याच मोठ्या विद्यापीठांनी पहिल्या वर्षाचे थेट पैसेही याच धर्तीवर वाटले. ज्यांच्या सामन्यांवर टीव्हीचे करार उभे आहेत त्यांना उशिरा का होईना वाटा मिळाला, हे मला योग्यच वाटतं. पण आपली मुलं बहुतेक टेनिस, पोहणं, फेन्सिंग, गोल्फ खेळतात. त्यांच्या खात्यात यातलं जवळपास काहीच येणार नाही.

त्यांना झळ लागते ती दुसऱ्या कलमाची. सहभागी विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांची संख्या ठरवणारा नियम गेला आणि संघात किती जण ठेवता येतील याची मर्यादा आली. पूर्वी अख्ख्या संघाला मिळून पुरुषांच्या पोहण्याला 9.9 आणि बेसबॉलला 11.7 शिष्यवृत्त्या असत, त्या तुकडे करून वाटल्या जात. आता बेसबॉलच्या संघात 34 जण आणि सगळ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती दिली तरी चालते. चालते, पण पैसे असतील तरच. शिष्यवृत्तीविना संघात येणाऱ्या मुलांच्या जागा मात्र नक्की घटल्या. म्हणून कोचला पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्या यादीची मर्यादा किती, आज किती जण आहेत आणि दुसऱ्या कॉलेजांतून ट्रान्सफरने किती घेणार?

सुहास

---

प्रेषक: मेधा

सुहास, आकडे बरोबर आहेत. पण मुलाला न्याय मिळतो की नाही हे शिष्यवृत्तीच्या पत्रावर ठरतं आणि ते कुणी नीट वाचत नाही.

पत्र एका वर्षाचं की अनेक वर्षांचं, हे आधी बघा. एका वर्षाचं असेल तर नूतनीकरण होणार की नाही हे विद्यापीठाने 1 जुलैपर्यंत लेखी कळवायचं असतं. रक्कम कमी केली किंवा बंद केली तर सुनावणीचा हक्क आहे, आणि ती सुनावणी क्रीडा विभागाबाहेरच्या समितीपुढे होते. अपिलाची मुदत विद्यापीठागणिक वेगळी आणि बरेचदा फारच थोडी असते. मुलं कोचशी बोलत बसतात आणि तेवढ्यात मुदत उलटून जाते. पत्र हातात पडलं त्याच दिवशी फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल गेली पाहिजे.

पत्राची मुदत चालू असताना खेळ खालावला किंवा दुखापत झाली म्हणून पैसे कापता येत नाहीत. पण खेळाडूने स्वतःहून संघ सोडला तर येतात. खरी फसगत इथेच होते. ‘यादीतून नाव काढायला एवढा फॉर्म भर’ असं म्हणून स्वेच्छेने संघ सोडल्याचा कागद पुढे केला जातो. तो त्या खोलीत सही करायचा नाही. घरी आणायचा, कंप्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम पाळले जातात का ते बघणारं विद्यापीठाचं कार्यालय) लेखी विचारायचं: यावर सही केली तर शिष्यवृत्तीचं काय?

आता दुखापत. विद्यापीठाचा विमा बहुधा दुय्यम असतो. आधी घरच्या विम्याने पैसे द्यायचे किंवा नाकारायचे, मग त्यांचा सुरू होतो. घरचा विमा एचएमओ (ठरलेल्या स्थानिक डॉक्टरांपुरताच चालणारा) असेल आणि कॉलेज दुसऱ्या राज्यात, तर तातडीचे उपचार सोडून बाकी बिलं नाकारली जातात. ते नाकारल्याचं पत्रक दुय्यम विम्याकडे पोचलं नाही, तर तिथेही दावा अडकतो आणि बिल वसुलीवाल्यांकडे जातं. 1 ऑगस्ट 2024 पासून डिव्हिजन एकमधल्या विद्यापीठांनी खेळ सुटल्यानंतरही किमान दोन वर्षं खेळातल्या दुखापतींचा खर्च उचलायचा आहे. मात्र दुखापत खेळामुळेच झाली हे दिसलं पाहिजे. पडून हात मोडला तर त्याची तारीख असते. पोहणाऱ्याचा खांदा किंवा धावणाऱ्याच्या नडगीचा स्ट्रेस फ्रॅक्चर हळूहळू होतो, त्याला तारीख नसते. म्हणून दुखायला लागलं की अ‍ॅथलेटिक ट्रेनरला (संघाच्या दुखापती बघणारा) त्याच दिवशी ईमेल करायला सांगा, नुसतं तोंडी नको.

मेधा

---

प्रेषक: दिलीप

मेधाताईंच्या मुद्द्यांना जोडून व्हिसा आणि कर.

1 जुलै 2021 पासून खेळाडूंना नाव आणि छबी वापरू देऊन पैसे घेता येतात. पण व्हिसाचे नियम त्याने बदललेले नाहीत. एच-4 वरच्या (एच-1बी व्हिसावर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलांना काम करताच येत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत असताना मूल 21 वर्षांचं झालं की बहुतेक वेळा पदवीच्या मध्यावरच ते एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जातं, आणि एफ-1 वर कॅम्पसबाहेरचं विनापरवाना काम म्हणजे स्टेटसचा भंग. पैशाऐवजी बूट किंवा रॅकेट घेतली तरी तो मोबदलाच. क्रीडा विभागाच्या ‘हरकत नाही’ या उत्तराला इथे काही किंमत नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओला (विद्यार्थी व्हिसाचं काम बघणारा अधिकारी) आणि इमिग्रेशन वकिलाला, दोघांनाही लेखी विचारल्याशिवाय काही स्वीकारू नका.

नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या मुलांसाठी कर. समजा वर्षात 5,000 डॉलर मिळाले आणि त्यासाठी 800 खर्च झाले. निव्वळ 4,200 वर इन्कम टॅक्स शून्य असू शकतो, पण स्वयंरोजगाराचा कर साधारण 593 डॉलर बसतोच, कारण तो निव्वळ 400 डॉलरपासून लागू होतो. फॉर्म 1099 (पैसे देणाऱ्याने पाठवायचा उत्पन्नाचा दाखला) आला नाही म्हणून उत्पन्न लपत नाही. फॅफ्सामध्येही (सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज) हे उत्पन्न धरलं जातं, त्यामुळे पुढे गरजेवर मिळणारी मदत घटू शकते. शिष्यवृत्तीतला ट्यूशन आणि सक्तीच्या पुस्तकांचा भाग करमुक्त, राहण्या-जेवणाचा भाग करपात्र.

डिव्हिजन एकच्या खेळाडूला बाहेरच्या कंपनीकडून 600 डॉलर किंवा जास्त मिळणार असतील तर करार झाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत तो एनआयएल गो या नाव-छबीच्या करारांच्या पोर्टलवर नोंदवावा लागतो. करारात दोन गोष्टी खास शोधा: छबी ‘कायमस्वरूपी’ वापरण्याचा हक्क, आणि ट्रान्सफर घेतल्यास पैसे परत मागण्याचं कलम. पहिलं असेल तर मुदत घालून घ्या, नाहीतर सोडून द्या.

दिलीप

---

प्रेषक: अनघा

दिलीपदादा, मेधाताई, दोघांचेही मुद्दे जपून ठेवण्यासारखे आहेत. एक गोष्ट मात्र सुटली. तास.

हंगामात आठवड्याला 20 तास आणि दिवसाला 4 तास, असा नियम आहे. पण सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी 3 तासच धरतात. प्रवास आणि फिजिओकडचा वेळ धरतच नाहीत. त्यामुळे कागदावर 20 तास दिसतात तेव्हा मुलीचा आठवडा प्रत्यक्षात कितीतरी जास्त गेलेला असतो. दुपारी लॅब असणारा विषय निवडायचा असेल, तर कोचकडून सध्याच्या संघात त्या विषयाचे किती जण आहेत ते विचारा.

म्हणूनच मला मूळ अन्याय पैशाच्या वाटपात कमी आणि खेळाडूंना कर्मचारी न मानण्यात जास्त दिसतो. कर्मचारी मानलं तर कामाच्या तासांचे कायदे आणि कामावरच्या दुखापतीची भरपाई लागू होते, आणि ती पोहणाऱ्यालाही तितकीच मिळते. डार्टमथच्या पुरुष बास्केटबॉल संघाने मार्च 2024 मध्ये 13 विरुद्ध 2 मतांनी युनियन केली, पण वर्षअखेरीस अर्ज मागे घेतला. प्रश्न तिथेच अडकला आहे. तो सुटेपर्यंत मेधाताई म्हणतात तसं प्रत्येक आश्वासन ईमेलवरच घ्या. फोनवर मिळालं असेल तर त्याच संध्याकाळी ‘आपलं असं बोलणं झालं, बरोबर ना?’ अशी दोन ओळींची ईमेल कोचला पाठवा आणि कंप्लायन्स ऑफिसला प्रत लावा.

अनघा