अनुभव लिहा: उन्हाळ्यातली नदी आणि उघडा पडलेला खडक

पावसाळी भटकंतीवर आपण भरभरून लिहितो. नदीने खडकात काय करून ठेवलंय ते मात्र पाणी उतरल्यावरच दिसतं, म्हणून हा धागा. पुण्याहून निघून खडकाळ नदीपात्रात किंवा दरीत केलेली उन्हाळ्यातली पायपीट. किती वाजता निघालात, काय चुकलं, सगळं लिहा. सुरुवात मी करते.

मागच्या एप्रिलात निघोजला गेलो. धनकवडीतून पावणेपाचला निघालो, नगर रस्त्याने शिरूर, तिथे चहा, आणि सव्वासातला कुकडीच्या काठावर. मळगंगा देवीचं दर्शन घेऊन पात्रात उतरलो. दोन्ही बाजूंना काळा खडक उभा कापलेला, मधल्या घळीत हिरवट पाणी, आणि कडेने एकाला एक लागून रांजणखळगे. फोटोत ते नुसते खड्डे वाटतात. एका कोरड्या रांजणापाशी पालथी पडून मी आत हात घातला. वरची कड खरबरीत, तळहाताला टोचणारी. वीतभर खाली गेलं की दगड एकदम गुळगुळीत, वर्षानुवर्षं वाटून झिजलेल्या पाट्यासारखा. भिंत खाली जाताना पोटाशी फुगलेली, अगदी रांजणासारखी. तळाला अंड्याएवढे पाच-सहा गोटे. बाहेरचा खडक तापायला लागला होता, पण हातात घेतलेला गोटा गार लागला. परत तिथेच ठेवला.

साडेनऊनंतर खडकावर बसवेना. दहाला आम्ही परत गाडीत.

—

ताई, तो गोटा परत ठेवलात हे फार छान केलंत. ते गोटेच तिथले कारागीर! मी कॉलेजात भूशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. पुराचं पाणी जिथे भोवरा घेतं, तिथे दगडगोटे अडकतात आणि गरगर फिरत खाली घासत जातात. तिथल्या काळ्या खडकात, म्हणजे बेसाल्टात, आधीच भेगा असतात, कुठे थर मऊ असतो, तिथे सुरुवात होते. शेजारचे दोन रांजण रुंदावत गेले की मधली भिंत पातळ होते आणि एखाद्या पुरात ढासळते. असे कितीतरी एकमेकांना मिळत गेले की नदीची घळ खोल होते. हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. नदीचं कोरणं त्या मानाने अगदी अलीकडचं, आणि दर पावसाळ्यात ते चालूच आहे.

मुलांना नेलं की मी एकच काम द्यायचो: जोडीचे रांजण शोधा आणि मधली भिंत चाचपून बघा. एका वर्षी एक मुलगी अशाच एका भिंतीचं चित्र काढत पाऊण तास बसली. मी तिला उठवलं नाही, बस थांबवली.

—

माझं माहेर टाकळी हाजी. निघोजचा काठ पारनेर तालुक्यात, नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर). आमचा काठ शिरूर तालुक्यात, पुणे जिल्ह्यात. देवीची देवळं दोन्हीकडं. आम्ही रांजणखळगे म्हणतच नाही, आमच्याकडं 'कुंड'. चैत्रात यात्रेला सगळ्या माहेरवाशिणी कुंडावर भेटायच्या.

कळकळीनं सांगते, पाणी संथ दिसतं म्हणून पोहायला उतरू नका. आत कपारी आहेत, भिंतींना शेवाळ, हाताला धरायला काही लागत नाही. मी पाचवीत असताना आमच्या आळीतला एक मुलगा असाच गेला. त्याची आई पुढं कितीतरी वर्षं यात्रेला आली नाही. वरच्या धरणातून पाणी सोडलं तर पात्रही वाढतं, म्हणून देवळापाशी विचारूनच खाली उतरा. तिथलं माणूस खरं तेच सांगतं.

—

आमची चूक लिहिते. मे महिना, निघायलाच आठ वाजून गेले, निघोजला पोचलो अकराला. एकच्या सुमाराला ह्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले, मग मळमळ आणि अंगावर शहारे. आमच्याकडे सहा लिटर पाणी होतं, पण नुसतंच पाणी. देवळाजवळच्या एका मावशींनी ह्यांना सावलीत आडवं केलं, मानेवर ओला पंचा ठेवला आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. तासाभराने तोंडावर तरतरी आली. मावशींनी पैसे घेतले नाहीत. भर उन्हात शहारे आले की आणखी एक पाऊलही चालायचं नाही, हे त्या दिवसापासून आमच्या घरात ठरलं. आता पन्ह्याच्या दोन बाटल्या बर्फ करून नेते.

—

मी सांदण दरीचं लिहिते. वय ५८. साम्रद गाव पुण्याहून लांब, त्यामुळे रात्रीच निघालो आणि उजाडताना दरीच्या तोंडाशी होतो. आत शिरल्यावर मे महिना आहे हे विसरायला झालं. दोन्ही भिंती इतक्या जवळ की काही ठिकाणी ऊन तळाशी पोचतच नाही. पाण्याचा टप्पा माझ्या मांडीपर्यंत होता, गारठा हाडात शिरला. वाट अशी नाहीच, एका धोंड्यावरून दुसऱ्या धोंड्यावर.

ज्यांच्याबरोबर गेलो त्यांनी 'सोपं आहे, कुणीही येईल' असं सांगितलं होतं. पन्नास माणसांमागे वाटाडे दोन. निम्म्या वाटेत माझ्या बुटाचा तळ सुटून लोंबायला लागला. बूट दोन वर्षं माळ्यावर पडून होते, डिंक वाळला होता. साम्रदच्याच एका पोराने सुतळीने तो तीन वेढे देऊन बांधला आणि "आजी, आता दगडावर टाच नको, चवडा टेका," म्हणाला. तसंच चालत दोर लावून उतरायच्या टप्प्याच्या अलीकडून परत फिरले. जाताना नुसतीच पुढे बघत होते. परत येताना मात्र मान वर करून ती आभाळाची निळी फीत मनसोक्त पाहिली.

—

निघोजला जायला स्वतःची गाडी नसणाऱ्यांसाठी: आम्ही शिरूरपर्यंत एसटीने गेलो, पुढे वडापने (माणशी भाडं घेणारी खाजगी गाडी). परतीची गाडी कधी आहे ते उतरल्या उतरल्या विचारून घ्या.

—

सगळ्यांचे मनापासून आभार. टाकळीच्या ताई, तुमचं वाचल्यावर भाच्याला फोन केला. त्याचं कॉलेजचं टोळकं पुढच्या रविवारी पोहायचे कपडे घेऊन निघणार होतं. आता कपडे घरी राहतील, असा शब्द दिलाय त्याने.

आणि काका, काल जुने फोटो पुन्हा उघडले. एका फोटोत मी ज्याला एकच मोठा खळगा समजले होते, तो दोन रांजणांचा आहे. मधल्या पडलेल्या भिंतीचा बुंधा तळाशी स्पष्ट दिसतोय.