मदत हवी आहे: कबड्डीत नडगीला मार, एक्सरे नॉर्मल पण दुखणं वाढतच चाललंय

कुणी डॉक्टर जागे असाल तर प्लीज सांगा. भाचा, वय 19, कॉलेजसाठी पुण्यात आमच्याकडेच असतो. साडेसहाला प्रॅक्टिसमध्ये पकड करताना समोरच्याचा गुडघा याच्या नडगीवर आदळला. वारज्यात घराजवळच एक्सरे काढला, फ्रॅक्चर नाही, मुका मार आहे म्हणाले, क्रेप बँडेज बांधलं. आता साडेनऊ झालेत, दुसरी पेनकिलर घेऊनही कळवळतोय, आणि हा रडणाऱ्यातला नाही हो, खांदा निखळला तेव्हा स्कूटरवर मागे बसून गेला होता. नडगीची बाहेरची बाजू वरवंट्यासारखी कडक लागतेय, अंगठा नुसता खाली वाकवला तरी ओरडतो, अंगठ्याच्या बेचक्यात मुंग्या. खाली दोन उशा आणि बर्फ ठेवलाय. पावलावर नाडी लागतेय म्हणजे रक्त पोचतंय ना? सकाळपर्यंत थांबू का? बहिणीला साताऱ्याला कळवलं नाहीये, उगाच घाबरेल.

— थांबू नका, आत्ता निघा. मी ऑर्थोत (हाडांच्या विभागात) डॉक्टर आहे, हे कंपार्टमेंट सिंड्रोम वाटतंय. गुडघ्याखाली स्नायूंचे चार कप्पे असतात, त्यांचं आवरण फारसं ताणत नाही, आत सूज आली की दाब वाढून स्नायूचंच रक्त तुटतं. हाड न मोडताही होतं. नाडी शेवटपर्यंत लागू शकते, तिच्यावर विसंबू नका. बँडेज पूर्ण सोडा, बर्फ आणि उशा काढा, पाय छातीच्या लेव्हललाच ठेवा. खायला-प्यायला काही नको, ऑपरेशन लागू शकतं. रात्री ऑर्थो सर्जन असलेलं हॉस्पिटल फोन करून गाठा. 6 तासांच्या आत चिरा देऊन कप्पे उघडले तर स्नायू सहसा वाचतो, साडेसहापासून मोजा.

अपडेट: बँडेज सोडल्यावर जरा बरं वाटलं तर हा पठ्ठ्या नकोच म्हणायला लागला, तरी नेला. सुई घालून दाब मोजला, 52, बीपीचा खालचा आकडा 74. फरक 30 च्या आत म्हणजे उघडायचंच म्हणे, साडेअकराला आत घेतला. दोन्ही बाजूंना लांब चिरा, जखम उघडीच ठेवलीय, दोन-तीन दिवसांनी बघून टाके नाहीतर स्किन ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडची कातडी लावणं. लघवी काळपट होतेय का बघत राहायचंय, खराब झालेल्या स्नायूमुळे किडनीला त्रास होऊ शकतो म्हणून. बोटं हलतायत पण पाऊल वर उचलत नाहीये. कुणाचं असं पाऊल उचलणं परत आलंय का, किती दिवसांनी? फिजिओ कधी सुरू केलं? बहीण एसटीत बसलीये, स्वारगेटला घ्यायला निघालोय, तिथे काय ऐकावं लागणार ते वेगळंच.