अध्यक्षात काय हवं, हे गटाने ठरवायचं कसं?

कावेरी
आमचा बचत गट बारा जणींचा. आठ वर्षं एकच अध्यक्ष, आता त्याच म्हणाल्या, "पुरे झालं." नावं काढली की भाऊबंदकी सुरू होते, म्हणून आधी गुण ठरवू म्हटलं. प्रत्येकीला चिठ्ठीवर तीन गुण. लिहिता न येणाऱ्यांचं माझ्या लेकीने लिहून घेतलं. बारापैकी अकरा चिठ्ठ्यांवर 'प्रामाणिक'! माझं मत, मोजून पहिले तीन गुण पक्के करावेत. हात वर करायला सांगितलं की सुना सासवांकडे बघतात.

रानवाट
मोजणी नको. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. तिथली ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवते. पटलं नाही तर पुन्हा बसायचं. चर्चेसाठी अभ्यासगट वेगळा. अशा बसण्यातूनच २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. बारा बायकांना एक संध्याकाळ जड आहे का?

हिशेबी
जड आहे हो, स्वयंपाक कोण करणार? आणि एकमताचं कौतुक पुरे. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आठवतं? सरपंचपदाचा लिलाव, बोली दोन कोटींच्या वर, पैसे मंदिराला. सगळं 'गावाच्या संमतीने'. गावाने एकमताने ठरवलेला गुण कोणता, तर ऐपत! २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने ती निवडणूकच रद्द केली.

रानवाट
लिलावाला सहमती म्हणत नाहीत. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो तिथे बोललाच नसणार.

हिशेबी
तेच तर म्हणतोय. तुमच्या बैठकीत तरी न बोलणारी बोलेल याची काय हमी?

माजी सचिव
दोघांचं चालू द्या. मला अडचण त्या अकरा चिठ्ठ्यांची वाटते. आमच्या गटात एकीचा हप्ता थकला. अध्यक्षांनी पदरचे पैसे भरले आणि वहीत तिच्या नावावर जमा दाखवले. बँकेत गटाचं नाव राहिलं. निम्म्या म्हणाल्या, केवढं मन! निम्म्या म्हणाल्या, वही खोटी. दोन्हीकडच्या बायकांनी चिठ्ठीवर 'प्रामाणिक'च लिहिलं असतं. गुण कसले विचारता, हा प्रसंग सांगा आणि विचारा, तुमच्या अध्यक्षाने काय करावं?

कावेरी
बाई, हे आमच्याकडेही झालंय! मी तर त्याला मोठेपणाच समजत होते. शनिवारच्या बैठकीत विचारते. उत्तर मात्र चिठ्ठीवरच.

हिशेबी
लेकीच्या कानात सांगून? त्यात गुप्त काय राहिलं? झाकणाला भोक पाडलेला डबा ठेवा. अध्यक्षाने पदरचे पैसे भरावेत वाटलं तर मक्याचा दाणा टाका, नाही तर ज्वारीचा.

कावेरी
मका पडला की ठण्ण वाजतो. तूर आणि मूग घेते.