कोल्हापुरी चपलेनं जिल्ह्याचा विकास होतो का?

करवीरकर
जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मॉडेलांच्या पायात आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल दिसली, मूळ गावाचा उल्लेखही न करता. इकडं बोंबाबोंब झाली. मग कंपनीनं प्रेरणा कुठली ते मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली, आणि डिसेंबरात महाराष्ट्राचं लिडकॉम व कर्नाटकचं लिडकार या दोन चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २००० जोड इकडं बनणार, किंमत साधारण ८०० युरो.

माझं म्हणणं असं की आता तरी या धंद्याला 'परंपरा' म्हणून हार घालणं थांबवा आणि उद्योग म्हणून हिशेबात धरा. जिल्ह्याच्या विकासाचं बोलणं निघालं की ऊस, दूध, फाउंड्री (लोखंडाचं ओतकाम), संपलं. चप्पल, हुपरीची चांदी, मोरेवाडीची चित्रनगरी ही पाहुण्यांना दाखवायची यादी. एका चपलेमागं कातडं कमावणारा, तळ कापणारा, वेणी वळणारी बाई, शिवणारा, दुकानदार अशी साखळी आहे. तिला ना शेकडो एकर जमीन लागते, ना पाणी, ना कोट्यवधींचं भांडवल. मग नियोजनात तिला जागा का नाही?

फाउंड्रीवाला
कातडं कमवायला पाणी लागत नाही? कुणी सांगितलं तुम्हाला?

असो, गणित करू. २००० जोड गुणिले ८०० युरो म्हणजे १६ लाख युरो, आपले सोळा-सतरा कोटी. तीही दुकानातली विक्रीची किंमत, आणि दुकान प्राडाचं. इथल्या एका बऱ्या साखर कारखान्याची वर्षाची उलाढाल काही शे कोटींची असते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आयटीआय झालेला पोरगा लागतो, त्याचा पीएफ कापला जातो, त्या पगारावर बँक त्याला घरासाठी कर्ज देते. चपलेवर कुणाला देते? असल्या धंद्यांना 'सांस्कृतिक उद्योग' म्हणणं परिसंवादात छान वाटतं. मे २०२५ मध्ये मुंबईत केंद्र सरकारच्या 'वेव्हज' या मनोरंजन-उद्योगाच्या परिषदेत त्याचाच गजर झाला, आणि त्यातून निघालेली क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीची राष्ट्रीय संस्था कुठं आली? मुंबईतच. 'प्रादेशिक विकास' म्हणतात तो एवढाच.

आरी_रापी
दोघांनीही चप्पल फक्त पायात घातलेली दिसतेय. आमच्या घरात ती बनते, म्हणून लिहितो.

जोडाला सुरुवात होते भिजवलेल्या कातड्यापासून. रापीनं तळ कापायचा, थर एकमेकांवर ठोकून बसवायचे, कडेनं कान लावायचे, पट्टा, अंगठा, आणि सगळी शिलाई आरीनं भोक पाडून चामड्याच्या वादीनं. अस्सल जोडात खिळा नसतो. पट्ट्यावरची वेणी आई वळते. स्वयंपाक उरकला की दारात बसते, अंधार पडेपर्यंत. तिची मजुरी कुठल्याच वहीत नाही, कारण व्यापारी जोडावर पैसे देतो आणि ते वडिलांच्या हातात येतात. करवीरकर, तुमच्या साखळीतली 'वेणी वळणारी बाई' ती हीच. भांडवल लागत नाही म्हणता ना? ते आम्ही असं घालतो.

आता कातडं. पूर्वी बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं आसपास मिळायचं. ते काम करणारी घरं कमी होत गेली. त्यात २०१५ च्या कायद्यानं बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तळाचं जाड कातडं महागलं आणि माल चेन्नईकडून मागवावा लागतो. रोख. चप्पल मात्र उधारीवर जाते. पावसाळ्यात कातडं वाळत नाही आणि गिऱ्हाईकही कोल्हापुरी घेत नाही, म्हणजे ते महिने कर्जावर. प्राडाचं कौतुक आहेच, पण ८०० युरोतले आमच्याकडं किती येणार, हे जोवर कुणी सांगत नाही तोवर मी पेढे वाटणार नाही.

सीमाभागी
'आपली कोल्हापुरी' वाचून गंमत वाटली. २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते आठ जिल्ह्यांना: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि पलीकडं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी आणि निपाणीत जाऊन बघा किती घरं हेच काम करतात. तुमच्या चप्पल लाईन बाजारात कोल्हापूरची आठवण म्हणून घेतलेला जोड आमच्याकडचा निघाला तर दचकू नका. नावाचा फायदा एका गावाला, घाम दुसऱ्या गावाचा, आणि वर तुम्ही 'जिल्ह्याचा विकास' म्हणता. कुठला जिल्हा?

पेठकरीण
चपलेवरून जरा बाजूला जाते, पण मुद्दा तोच आहे.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली. त्याआधीच बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा बनवून चित्रपट काढले होते. म्हणजे कसब होतं, माणसं होती, राजाश्रय होता. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. तिच्या त्या स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. आज देशभरातली पोरं सिनेमा शिकायला पुण्याला जातात, आणि आपण 'कलापूर' म्हणून फलक लावतो. फाउंड्रीवाले म्हणतील, बघा, हे धंदे टिकत नाहीत. मी उलटं म्हणते. धंदा जिथं ठाण मांडतो तिथं तीस वर्षांनी संस्था येते, शिक्षण येतं, पुढच्या पिढीचं काम येतं. आपण ठाण मांडू दिलं नाही.

आणि जे आहे ते तरी कुठं सांभाळतो? शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला जळालं. सगळे इमारतीसाठी हळहळले. नाटक बंद पडलं की लाइटवाला, नेपथ्यवाला, टेम्पोवाला, बाहेरचा चहावाला यांचं काय होतं, हे फार थोड्यांनी विचारलं.

फाउंड्रीवाला
ताई, राजाश्रय होता हे तुम्हीच लिहिलंत. राजा असताना जे थांबलं नाही ते आता जिल्हा नियोजन समिती थांबवेल? करवीर तालुक्यात वसगड्याला एका मालिकेचं शूटिंग चालायचं, वाडा बघायला गाड्यांची रीघ. मालिका संपली, रीघ संपली. सांगा, गावाला काय उरलं?

करवीरकर
वसगड्याचं मान्य. शूटिंगला जागा देणं म्हणजे उद्योग नव्हे, ते भाडं झालं. सीमाभागींचंही बरोबर आहे, नकाशा आठ जिल्ह्यांचा धरायला हवा. पण फाउंड्रीवाले हुपरीकडं बघतच नाहीत. हातकणंगले तालुक्यातलं गाव, पैंजण आणि चांदीच्या दागिन्यांसाठी देशभर नाव, घरोघरी काम. तिथं फाउंड्री नव्हती, साखर नव्हती तेव्हाही चांदी होती. हस्तकलेवर एक अख्खं गाव उभं राहतं याचा पुरावा तासाभराच्या अंतरावर आहे.

फाउंड्रीवाला
हुपरी उभी राहिली कारण कच्चा माल देणारा व्यापारी आणि कारागीर दोन्ही गावातच. चांदीचा व्यापारी हुपरीचाच. चपलेत नाव कोल्हापूरचं, कातडं चेन्नईचं, दुकान मिलानचं. तुमच्याच उदाहरणानं तुमचा मुद्दा पडतो, राव.

आरी_रापी
पडत नाही, नीट उभा राहतो. तुम्ही आत्ता जे सांगितलं तेच आम्हाला पाहिजे. कातडं आठ जिल्ह्यांत कुठंतरी कमावलं जावं आणि डेपोतून महिन्याच्या उधारीवर मिळावं. पावसाळ्यात वाळवायला सामायिक शेड असावी. वेणीचा दर वेगळा लिहिला जावा आणि आईच्या खात्यावर यावा. लिडकॉमनं चपलेला क्यूआर कोड आणला, बरं केलं, गिऱ्हाइकाला बनवणारा कोण ते दिसतं. मजुरीही दिसू दे की त्यात.

आणि एक राहिलंच. माझा धाकटा भाऊ शिरोलीत कामाला आहे. पगार बरा म्हणून गेला, तसा आणखी एका कारणानं गेला. तिथं त्याला कुणी 'कुणाच्यात?' विचारून मग चहा देत नाही. या धंद्याला जात चिकटलेली आहे. मुलगा चपला बनवतो म्हटलं की सोयरीक जुळवताना आमच्याच समाजात लोक आढेवेढे घेतात. हे नियोजनाच्या कुठल्या रकान्यात लिहिणार?

सीमाभागी
डेपो काढाच. फक्त अथणीच्या कारागिराला तिथून कातडं मिळेल की रहिवासी दाखला मागाल, ते आधी सांगा.

करवीरकर
जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असली की पुरे, राज्य कुठलंही असो. दोन्ही महामंडळांनी करारावर एकत्र सही केली आहे, मग डेपो एकत्र चालवायला हरकत काय?

फाउंड्रीवाला
हरकत नाही. पण टॅनरीचं सांडपाणी पंचगंगेत सोडणार असाल तर मी पहिला आंदोलनाला बसणार, आत्ताच सांगून ठेवतो.

आरी_रापी
बसा की. बाभळीच्या सालीचं पाणी आणि कातडं कमावायच्या क्रोम रसायनाचं पाणी यातला फरक सांगायला मी येतो तिथं.