टेक्ट्रॉनिक्स ४६५ : १५ व्होल्टच्या लाइनवर जेमतेम १.१ व्होल्ट

प्रश्न – तापलेला_हीटसिंक

एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लिलावातून मी टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा १०० मेगाहर्ट्झचा दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप (विद्युत संकेताचा आलेख पडद्यावर दाखवणारे यंत्र) घेतला. हे मॉडेल १९७२ साली बाजारात आले, म्हणजे यंत्र माझ्यापेक्षा वयाने मोठे असण्याची शक्यता आहे. पहिले आठ दिवस तो उत्तम चालला. काल मात्र चालू असतानाच ट्रेस (पडद्यावरची प्रकाशरेषा) एकदम नाहीसा झाला. फ्यूज उडालेला नाही आणि मागचा व्होल्टेज सिलेक्टर २२० च्या बाजूलाच आहे.

झाकण काढून टेस्ट पॉइंटवर मोजणी केली. +५५ च्या लाइनवर (आतल्या ५५ व्होल्टच्या पुरवठ्यावर) ५५.२ व्होल्ट मिळतात, +११० ची लाइन ठीक आहे, +५ आणि -८ मध्ये किरकोळच फरक आहे. परंतु +१५ च्या लाइनवर फक्त १.१ व्होल्ट आहेत. यंत्र बंद करून, काही वेळ थांबून याच लाइनचा ग्राउंडशी रोध मोजला तेव्हा मीटरने १.९ ओहम दाखवले; त्यातले ०.३ ओहम मीटरच्या वायरींचेच आहेत. १५ व्होल्टचा सीरिज ट्रान्झिस्टर (ज्यातून या लाइनचा सगळा करंट जातो तो) गेला असेल असे समजून तो मागवावा, की आधी आणखी काही तपासावे?

उत्तर – जुने_ते_सोने

पन्नास वर्षांच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. मी माझ्या स्कोपमधले सगळे मोठे फिल्टर कपॅसिटर एकाच बैठकीत बदलले आणि त्यानंतर आजवर त्याला हात लावावा लागलेला नाही. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत आणि मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे चांगले कपॅसिटर मिळतात. आधी ते बदला आणि मग उरलेल्या दोषाचा विचार करा, असे माझे मत आहे.

उत्तर – मिलिव्होल्ट

वरच्या सल्ल्यामागची काळजी मला समजते, परंतु या दोषाला तो लागू पडत नाही. फिल्टर कपॅसिटर सुकला की रेग्युलेटरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या सर्किटच्या) आधीच्या व्होल्टेजवर १०० हर्ट्झचा रिपल (चढउतार) वाढतो, आणि तो फार वाढला की रेग्युलेटरला तो आवरता येत नाही व ट्रेसवर लाट दिसू लागते. १५ चे थेट १.१ व्होल्ट होणे आणि बंद यंत्रात दीड ओहम दिसणे ही सुकलेल्या कपॅसिटरची लक्षणे नव्हेत.

तुमच्याच आकड्यांचा भागाकार करून पाहा. १.१ व्होल्टला १.६ ओहमने भागले की सुमारे ०.७ अँपियर येतात. याचा अर्थ सीरिज ट्रान्झिस्टर मेलेला नाही. तो करंट देत आहे आणि करंट-मर्यादेचे सर्किट त्याला अडवून धरत आहे. पुरवठा निरोगी असून पुढे कोणीतरी लाइन ग्राउंडला टेकवून बसले आहे. त्यामुळे ट्रान्झिस्टर मागवू नका.

या पिढीच्या यंत्रांत अशा वेळी पहिला संशय थेंबाच्या आकाराच्या टॅन्टलम कपॅसिटरांवर घ्यावा. इलेक्ट्रोलिटिक म्हातारपणी बहुधा सुकतो आणि त्याची क्षमता घटते, तर टॅन्टलम बरेचदा थेट शॉर्ट होतो. १५ व्होल्टची लाइन जवळजवळ प्रत्येक बोर्डावर जाते आणि तिथे तिला स्थानिक डीकपलिंग (गडबड गाळणारे छोटे कपॅसिटर) असते, म्हणून एकेक कपॅसिटर उपटून पाहायचे ठरवल्यास जुन्या बोर्डाचे ट्रॅक सुटतील. त्याऐवजी ज्या बोर्डांचे कनेक्टर सहज निघतात ते बंद यंत्रात एकेक काढून रोध मोजा. एवढ्याने शोध न लागल्यास पुढची रीत वापरा.

स्कोपचा प्लग भिंतीतून काढून ठेवा. बेंच सप्लाय (व्होल्टेज व करंट ठरवता येणारा टेबलावरचा वीजपुरवठा) १ व्होल्ट आणि ०.५ अँपियरच्या मर्यादेवर लावून तो +१५ च्या टेस्ट पॉइंटवर योग्य ध्रुवतेने जोडा. इतक्या कमी व्होल्टेजला ट्रान्झिस्टर फारसे जागे होत नाहीत आणि बहुतेक करंट शॉर्टच्याच वाटेने जातो. आता मीटरची काळी वायर ग्राउंडवर ठेवून लाल वायरीने लाइन धरून चालत जा. ३५ मायक्रॉन जाडीचा, १ मिलिमीटर रुंदीचा आणि १० सेंटीमीटर लांबीचा तांब्याचा ट्रॅक सुमारे ५० मिलिओहमचा असतो, म्हणजे अर्ध्या अँपियरला त्यावर २५ मिलिव्होल्ट पडतात, आणि साधा डिजिटल मीटरही ते दाखवतो. ज्या फांदीतून करंट जात नाही तिथे आकडा हलत नाही; ज्या फांदीत तो उतरत जातो, त्याच फांदीच्या टोकाला शॉर्ट असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. शॉर्ट झालेला टॅन्टलम थेट मुख्य लाइनवर असता तर रोध याहून कमी दिसला असता. दीड ओहमवरून मला वाटते की मध्ये एखादी डीकपलिंग कॉइल किंवा छोटा रेझिस्टर आहे.

उत्तर – सिरीज_बोर्ड

वरील रीत उत्तमच आहे. मी फक्त यंत्र पुन्हा चालू करण्याविषयी लिहितो. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवरूनच (ज्यात यंत्राच्या मालिकेत एक बल्ब असतो) करा. या स्कोपमध्ये साधा ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे मालिकेतल्या बल्बचा इशारा विश्वासार्ह असतो. स्विचिंग पुरवठ्याच्या नंतरच्या मॉडेलांत तोच बल्ब दिशाभूल करतो. मात्र ४० वॅटचा बल्ब लावू नका, कारण यंत्राच्या स्वतःच्या लोडनेच तो पेटलेला राहील आणि सगळ्या लाइन खाली दिसतील. १०० किंवा २०० वॅटचा जुना पिवळा, तारेचा बल्ब घ्यावा. डिमरस्टॅट (मेन्सचे व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) असल्यास तोही चालेल, पण तो मेन्सपासून विलग करत नाही हे विसरू नये. अर्थिंगची पिन कापण्याचा ‘उपाय’ कोणी सुचवल्यास ऐकू नका. पिक्चर ट्यूबच्या उच्च-दाबाच्या कप्प्याला तूर्त हात लावण्याचे कारण नाही. तिथे हजारो व्होल्ट असतात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – तापलेला_हीटसिंक

सर्वांचे आभार. कनेक्टर काढून काही उलगडले नाही, त्यामुळे बेंच सप्लाय जोडला. अर्ध्या अँपियरला टेस्ट पॉइंटवर ०.८० व्होल्ट होते. लाल वायर पुढे सरकवत गेलो तसा आकडा ०.७९, ०.७७ असा उतरत गेला. एका फांदीवर तो ०.७७ लाच थांबला म्हणून ती सोडून दिली. दुसऱ्या फांदीवर हिरव्या रेझिस्टरसारख्या दिसणाऱ्या छोट्या कॉइलच्या अलीकडे ०.७४ आणि पलीकडे ०.१४ मिळाले. कॉइलला लागूनच एक निळा टॅन्टलम होता. वरून तो अगदी निर्दोष दिसत होता. डिसोल्डर करून उलटा केल्यावर पायांच्या मधोमध राईएवढा काळा डाग दिसला. तो निघताच बेंच सप्लायचा करंट खाली आला.

त्या जागी तेवढ्याच क्षमतेचा, ३५ व्होल्टचा कपॅसिटर बसवला आणि सिरीज बोर्डवरून स्कोप चालू केला. बल्ब क्षणभर उजळून मंदावला आणि ट्रेस परत आला. +१५ वर १५.०३ व्होल्ट आहेत.

तरीही दोन शंका आहेत. ट्रेसवर अगदी बारीक लाट दिसते आणि ट्रिगर सोर्स लाइनवर (इथे लाइन म्हणजे मेन्स) ठेवल्यास ती स्थिर होते. तसेच +५५ वरचे ५५.२ व्होल्ट तिथल्या प्रीसेटने (जुळवणीच्या छोट्या रेझिस्टरने) बरोबर ५५ करावेत का?

उत्तर – मिलिव्होल्ट

लाट लाइन ट्रिगरवर स्थिर होते, म्हणजे ती मेन्सशी बांधलेली आहे. रेग्युलेटरच्या आधीच्या मोठ्या कपॅसिटरांवर मीटर एसी मोडमध्ये लावून रिपल मोजा आणि लाट ५० हर्ट्झची आहे की १०० ची, तेही पाहा. ती १०० ची असून एखाद्या डब्यावर (मोठ्या कपॅसिटरवर) रिपल बेताबाहेर असेल तर तो बदला. त्या एका डब्यापुरते ‘जुने_ते_सोने’ यांचे म्हणणे खरे ठरेल. ५० ची असल्यास ब्रिजमधला (एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडच्या संचातला) एखादा डायोड उघडला आहे का, ते आधी तपासा.

५५ च्या प्रीसेटला मात्र हात लावू नका. या यंत्रात बाकीच्या लाइन ५५ च्या आधारावर ठरतात, त्यामुळे ती हलवली की सगळ्याच हलतात आणि त्यांच्यासोबत कॅलिब्रेशनही. शिवाय ०.५ टक्के अचूकतेच्या मीटरला ५५ व्होल्टवर पाव व्होल्टाहून अधिक चूक माफ असते. तुमचे जादा ०.२ व्होल्ट स्कोपचे आहेत की मीटरचे, हे एखाद्या चांगल्या मीटरशी पडताळल्याशिवाय सांगता येणार नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – तापलेला_हीटसिंक

लाट १०० हर्ट्झची निघाली आणि १५ व्होल्टच्याच मोठ्या डब्यावर रिपल जास्त आहे. शनिवारी तपकीर गल्लीत जाऊन तो एकच आणतो. प्रीसेटवर तोवर कागदी टेप चिकटवून ठेवली आहे.